कळतं पण वळत नाही: अशांना हलतं करण्याचं काम कसं करावं

व्यायामशास्त्राची पदवी हातात पडली की मुलंमुली मला विचारायला येतात, "मॅडम, आता पुढचं सर्टिफिकेट कुठलं करू?" मी उलटं विचारते, "तुमच्या ओळखीत अजिबात न हलणारी माणसं किती? त्यातल्या कितीजणांशी गेल्या महिन्यात बोललात?" उत्तर बहुतेक वेळा शून्य असतं. माझंही होतं, आणि चांगली सहा वर्षं होतं.

त्या सहा वर्षांत मी ट्रेडमिलशेजारी उभी राहून माणसांच्या तोंडाला मास्क लावत होते आणि त्यांचं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते मोजत होते. चाचणीला आपणहून येत ते पळणारे, पोहणारे, सायकलवाले. आकडे सुरेख यायचे. एकदा श्वास मोजणारं यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला एक गृहस्थ आले. दोन जिने चढून आल्यावर खुर्चीत बसून पाच मिनिटं नुसते धापा टाकत होते. मग ट्रेडमिलकडे बोट करून म्हणाले, "यावर कोण पळतं?" म्हटलं, "खेळाडू." ते म्हणाले, "त्यांना काय गरज?"

या कामाची सुरुवात मी आता त्या प्रश्नापासून करायला सांगते. कुठलाही उपक्रम आखायच्या आधी, आपल्या खोलीत कोण आलेलं नाही याची यादी करा. जे आले ते तसेही हलणार होते. काम त्या यादीतल्यांसाठी करायचं आहे.

आधी चार जुन्या गोष्टी नीट वाचा

नवी शोधपत्रिका उघडण्याआधी जुनं वाचावं, कारण लोकांसमोर उभं राहून "चाला, उपयोग होतो" असं ठामपणे म्हणायचा हक्क आपल्याला याच कामाने मिळवून दिला.

पहिले जेरी मॉरिस. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. दोघांची वस्ती, पगार, राहणी जवळपास सारखी. १९५३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय शोधपत्रिकेत त्यांनी दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर तो कमी जीवघेणा असतो. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत, म्हणून मला ते आवडतात. शंका उघड होती: जाड माणसंच मुळात ड्रायव्हर होत असतील तर? मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या नोंदी काढून पँटच्या कंबरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी खरंच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयापासून. पुढच्या कामात मात्र दिसलं की कंबर बारीक असो की जाड, अचानक मरण्याचा धोका कंडक्टरांना कमीच. शंका घेणाऱ्याला गप्प बसवायचं असेल तर त्याची शंका आपणच आधी तपासावी, हे मी शिंप्याच्या त्या मापांवरून शिकले.

दुसरे राल्फ पॅफेनबर्गर. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांचा त्यांचा १९७८ चा अभ्यास: १६,९३६ पुरुष. त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक माजी खेळाडूला सांगते. कॉलेजात संघात खेळलेल्यांना पुढे त्या खेळाचं काहीही संरक्षण उरलं नव्हतं, जर त्यांनी नंतर हालचाल सोडली असेल तर. या खात्यावर व्याज मिळत नाही.

तिसरा डॅलसचा प्रयोग, १९६६ चा. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा चाचणी झाली, तेव्हा ते पन्नाशीत होते. आणि तीस वर्षांच्या वयवाढीनेसुद्धा त्यांची क्षमता त्या तीन आठवड्यांइतकी खाली गेलेली नव्हती. एखाद्या घरी आजारपणातून उठलेल्या माणसाला "आता पडूनच राहा" असं सगळे प्रेमाने सांगत असतात, तिथे मी ही गोष्ट सांगते. डॉक्टरांनी हालचालीला हरकत घेतली नसेल तरच, अर्थात.

आणि चौथे स्टीव्हन ब्लेअर. यांच्याजवळ जरा थांबू, कारण माझी सगळी कामाची पद्धत यांच्या एका आलेखावर उभी आहे. १९८९ मध्ये त्यांनी १०,२२४ पुरुष आणि ३,१२० स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांची ट्रेडमिल चाचणी झालेली, मग सरासरी आठ वर्षांहून थोडा अधिक काळ पाठपुरावा. फिटनेसप्रमाणे पाच गट पाडले. सगळ्यात खालच्या गटातल्या पुरुषांचा वयानुसार जुळवलेला मृत्यूदर दहा हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे साधारण दहा हजार माणसांमागे वर्षाला) ६४.०, सगळ्यात वरच्या गटाचा १८.६. स्त्रियांमध्ये ३९.५ आणि ८.५. हे आकडे सगळे सांगतात. पण आलेख डोळ्यांसमोर धरा: पुरुषांमधली बहुतेक घसरण पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या मध्येच होऊन जाते. दर निम्म्याहून खाली येतो, आणि दुसरा गट म्हणजे काही पळणारे लोक नव्हेत, रोज थोडंफार चालणारा माणूस तिथे पोचू शकतो. पुढच्या तीन गटांत रेष जवळजवळ आडवी होत जाते.

याचा अर्थ, आठवड्याला पन्नास किलोमीटर पळणाऱ्याला साठ पळायला लावण्यात माझा दिवस गेला तर सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबात मी काहीच केलेलं नसतं. खुर्चीतल्या माणसाला दारापर्यंत आणण्यात सगळी कमाई आहे. विद्यार्थ्यांना हे पटतं, पण आवडत नाही. खेळाडूंबरोबर काम करण्यात जी झळाळी आहे ती इथे नाही.

विचारायचं कसं

शरीरक्रियाशास्त्र तुम्हाला येतंच. संख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्र शिका, त्यावाचून या क्षेत्रात पाऊल टाकू नका; एवढं सांगून पुढे जाते. मी ज्यावर वेळ घालवला नाही आणि घालवायला हवा होता, ती गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणं.

"तुम्ही व्यायाम करता का?" हा सगळ्यात निकामी प्रश्न आहे. माणूस खोटं बोलतो असं नाही. तो आपल्याला बरं वाटेल असं आठवतो. अमेरिकेत २००३-०४ मध्ये लोकांच्या कमरेला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारं छोटं यंत्र, लावून मोजलं, तेव्हा शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ पाच टक्क्यांहूनही कमी निघाले. तोंडी विचारल्यावर मात्र निम्म्याच्या आसपास लोक ती करत असल्याचं सांगत. यंत्रालाही मर्यादा आहेत, ते सायकल नीट मोजत नाही, पोहताना काढून ठेवावं लागतं. तरी एवढी तफावत यंत्राच्या खोडीतून येत नाही.

म्हणून मी विचारते, "काल सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा. किती वाजता उठलात? मग कुठे गेलात? पायी? किती वेळ?" रात्री झोपेपर्यंत. पंधरा मिनिटं लागतात. या पंधरा मिनिटांत माणूस स्वतःच बोलता बोलता थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे काल मी दिवसभर बसूनच होतो की." ते त्याच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही म्हणालात तर तो आरोप होतो.

यंत्र द्यायचं असेल तर पहिला आठवडा पडदा झाकून द्या, म्हणजे आकडा त्याला दिसणार नाही. आकडा दिसला की माणूस बदलतो, आणि मग सुरुवातीची खरी पातळी हाती लागत नाही. मला एकदा एका बाईंच्या नोंदीत रोज संध्याकाळी प्रचंड हालचाल दिसली. पावलं मोजणारा पेडोमीटर त्यांच्या नातवाच्या चड्डीला लावलेला होता. "तो हट्ट करतो हो," त्या म्हणाल्या. आठवडाभराची माहिती बाद.

एका माणसाबरोबर पहिली भेट

आधी सुरक्षितता. छातीत दुखतं किंवा दडपण येतं का, चक्कर येऊन शुद्ध हरपली आहे का, बसल्या जागी दम लागतो का, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार डॉक्टरांनी सांगितला आहे का, हाडासांध्याचं असं काही दुखणं आहे का जे हालचालीने वाढेल, औषधं कुठली चालू आहेत. यातल्या कशालाही "हो" आलं तर आधी डॉक्टर. औषधांची यादी वाचायला शिका. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधामुळे दबलेली असते, त्याला "नाडी अमुक इतकी जाऊ द्या" सांगणं चुकीचं. इन्शुलिनवर असलेल्याची साखर चालताना खाली येऊ शकते, त्याला खिशात काय ठेवायचं आणि कधी थांबायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायला लावा. बाकीच्यांना मात्र हळू चालायला सुरुवात करण्यासाठी ढीगभर तपासण्या लागत नाहीत. तपासण्यांच्या रांगेत उभं करून आपण कितीजणांचा हुरूप घालवतो, याची नोंद कुणी ठेवत नाही.

मग किती जोरात. सुरुवातीच्या काळात मी लोकांना मनगटावर नाडी मोजायला शिकवायचे. अर्ध्यांना ती सापडायची नाही, उरलेल्यांपैकी निम्मे मोजताना चालायचे थांबायचे. किती श्रम वाटतात ते माणसाने स्वतः आकड्यात सांगायचं, अशी बोर्गची ६ ते २० ची श्रमपट्टीही वापरली. (सहापासून का, असं प्रत्येक जण विचारतो. आकड्याला दहाने गुणलं की तरुण माणसाच्या नाडीच्या जवळपास येतं, म्हणून. उत्तर ऐकून कुणाच्याही चेहऱ्यावर समाधान दिसलेलं नाही.) शेवटी बोलण्याची कसोटी ठेवली: चालताना सोबतच्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं जमलं तर वेग वाढवा, वाक्य तुटायला लागलं तर कमी करा. आकडाच हवा असणाऱ्यांसाठी मिनिटाला साधारण १०० पावलं, म्हणजे पंधरा सेकंदांत पंचवीस. प्रौढांसाठी मध्यम श्रमाची ही ठोकळ खूण बरीच विश्वासाची आहे.

किती वेळ, याचं पुस्तकी उत्तर तुम्हाला पाठ असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही, ६५ च्या पुढे तोल सांभाळण्याचा सराव असलेली हालचाल किमान तीन दिवस. हे कागदावर ठेवा. पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका. शून्यावर असलेल्या माणसाला १५० हा आकडा ऐकवला की तो मान हलवतो आणि पुन्हा येत नाही.

उलट अडचण आरंभशूरांची. ते म्हणतात, "उद्यापासून रोज एक तास." मी म्हणते, "दहा मिनिटं. आणि पहिला आठवडा अकरावं मिनिट करायला माझी परवानगी नाही." हसतात, पण पाळतात. एक तास चाललेल्याच्या पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरतात, चौथ्या दिवशी कारण सापडतं, आणि नव्याचे नऊ दिवससुद्धा पुरे होत नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची कल्पना इथे कामाला येते: "मला हे जमतं" हा विश्वास सगळ्यात जास्त कशाने वाढत असेल, तर आधी प्रत्यक्ष जमलेलं असण्याने. म्हणून पहिल्या आठवड्याचं काम इतकं लहान द्यायचं की चुकायला जागाच राहू नये. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं. घाई नाही.

ताकदीसाठी मी फक्त खुर्ची वापरते. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत कितीदा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा, लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. एकदा टेकलेली नव्हती. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून भिंत आधी बघते.

वजनाबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात काटा तुमचं काम उधळून लावेल. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही. खाण्यातला बदल त्याला जोडावाच लागतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांपैकी जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. त्या गटाचं उद्दिष्ट होतं सात टक्के वजन घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, दोन्ही मिळून. वजन न उतरताही रक्तदाब, साखर, झोप, मूड यांत फरक पडतो, आणि तो बराच लवकर पडतो. मी लोकांना काट्याऐवजी जिन्याकडे बघायला सांगते. महिन्याने तोच जिना चढताना मध्ये थांबावं लागलं का, एवढंच.

गर्दीबरोबर

माझा सगळ्यात फसलेला उपक्रम पत्रकांचा. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पळणारी सडपातळ तरुणी, आत व्यायामाचे फायदे. एका मोठ्या कचेरीत आम्ही ती वाटली. महिन्याने विचारायला गेले तर एका कारकून काकांनी पत्रक दाखवलं, टेबलाचा पाय डुगडुगत होता त्याखाली घडी करून घातलेलं. राग आला होता. मग त्यांनी जे सांगितलं ते महत्त्वाचं निघालं: "मॅडम, यात लिहिलंय जिना वापरा. आमच्या जिन्याचं दार कुलूपबंद आहे. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेला की दोन तास."

लोकांना कळत होतंच. वळत नव्हतं, कारण वळायला वाट नव्हती. त्यानंतर मी पत्रक छापायच्या आधी इमारत फिरून बघते. जिना कुठे आहे, दिवा लागतो का, वास येतो का, कठडा धड आहे का, लिफ्टशेजारून तो दिसतो का. त्या कचेरीत आम्ही तीन पत्रं लिहून कुलूप काढायला लावलं, दोन दिवे बदलून घेतले आणि लिफ्टच्या बटणाजवळ बाणाची एक पाटी लावली. निवडीच्या जागी लावलेल्या अशा पाटीने जिना चढणारे वाढतात, हे अनेक ठिकाणी मोजून झालेलं आहे. पाटी मात्र निवडीच्या जागीच हवी. जिन्याच्या दारावर लावलीत तर ती फक्त जिन्याने जाणाराच वाचतो.

शहराच्या पातळीवर दोन उदाहरणांचा अभ्यास करा. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७० च्या दशकापासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रस्ते मोटारींना बंद करून चालणाऱ्या-सायकलवाल्यांना मोकळे करतात, आता शंभर किलोमीटरहून अधिक. आणि ब्राझीलमधल्या साओ पाउलोची 'अजिता' मोहीम, व्हिक्टर मात्सुदो यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली. तिचा संदेश एका ओळीचा होता: दिवसाला तीस मिनिटं, एकदम किंवा तुकड्यातुकड्यांनी. २००२ च्या जागतिक आरोग्य दिनाचा विषय शारीरिक हालचाल होता, त्यामागे या मोहिमेची प्रेरणा होती. मात्सुदो मुळात क्रीडावैद्यकातले. म्हणजे वाट बदलता येते.

नगरपालिकेत बोलायला गेलात तर आरोग्यापासून सुरुवात करू नका. फुटपाथ, दिवे, रस्ता ओलांडायची सोय, शाळेच्या दारातली गर्दी, यातलं काहीतरी त्यांच्या कामाच्या यादीत आधीच असतं. त्याला तुमची मागणी चिकटवा. व्यायामशास्त्रज्ञाने रस्त्यावरच्या दिव्यांसाठी भांडावं हे माझ्या मार्गदर्शकांना विचित्र वाटलं असतं. पण अंधार पडल्यावर चालायला न निघणाऱ्या बायकांची अडचण माझ्या ट्रेडमिलने सुटणारी नव्हती.

आकडे बोलताना

पत्रकाराचा फोन येईल आणि तो एक आकडा मागेल. दहा हजार पावलांचा किस्सा तुम्हाला नीट माहीत हवा. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये एक पेडोमीटर बाजारात आला. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक'. आकडा बाजारातून आला, मग शास्त्र त्याच्यामागे धावलं. आय-मिन ली यांच्या २०१९ च्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ स्त्रिया होत्या. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्यूदर ४१ टक्के कमी होता, आणि सुमारे ७,५०० नंतर फायदा वाढेनासा झाला. पुन्हा ब्लेअरचाच आलेख. मात्र हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, आजारी माणूस कमी चालतो हेही त्यात मिसळलेलं असू शकतं, आणि संशोधकांनी ते सांभाळायचा प्रयत्न केला होता, असं सगळं एका दमात सांगायची तालीम करा. "चाललात तर ४१ टक्के जास्त जगाल" असं छापून आलं तर चूक पत्रकाराची नव्हे, तुम्ही वाक्य तसं दिलंत.

"बसणं म्हणजे नवं धूम्रपान" हे वाक्य मी कधीच देत नाही. धूम्रपानाचा धोका कितीतरी मोठा आहे. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिसलं की दिवसाला साठ ते पंचाहत्तर मिनिटं मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याचा वाढीव धोका जवळपास नाहीसा होतो. खुर्चीला बांधलेल्या नोकरीतल्या माणसाला भीती घालण्यापेक्षा हे सांगा.

आणि पैसा. या क्षेत्रात निधी कमी, त्यामुळे कुणी उदार होऊन आलं की हुरळायला होतं. २०१५ मध्ये उघड झालं की ऊर्जेच्या संतुलनावर भर देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका जाळ्याला कोका-कोलाचा पैसा होता. त्याच्या नेतृत्वात खुद्द ब्लेअर होते. त्याच वर्षअखेर ते जाळं गुंडाळलं गेलं. ब्लेअर यांच्या १९८९ च्या आलेखाचं त्यामुळे काही बिघडत नाही. पण हालचालीवरचा खरा संदेश खाण्यावरची चर्चा झाकायला वापरला जाऊ शकतो, आणि तसा वापर झाला की आपलं खरं बोलणंही लोकांना विकलेलं वाटतं. मला स्वतःला एकदा अशी देणगी देऊ केली होती. मी दोन आठवडे विचार केला. लगेच नाही म्हटलं असं सांगायला आवडलं असतं.

स्वतःचं काय

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हा या धंद्यातला नेहमीचा रोग आहे. शोधनिबंध लिहिणारा माणूस दिवसाला दहा तास बसतो. माझी पाठ धरली ती हालचालीच्या महत्त्वावर प्रस्ताव लिहिताना. त्यानंतर मी विद्यार्थ्यांबरोबरच्या चर्चा चालत करायला लागले. नोंदी घेता येत नाहीत अशी तक्रार असते, आणि खरी असते. परत आल्यावर पाच मिनिटं उभ्याने लिहून काढायचं. मॉरिस ९९ वर्षांचे होऊन गेले. पॅफेनबर्गर चाळिशीनंतर पळायला लागले आणि पुढे मॅरेथॉन पळाले. ब्लेअर अंगाने गोल होते आणि दशकानुदशकं पळत राहिले. ही माणसं स्वतः हलत होती म्हणून त्यांचं शास्त्र खरं ठरत नाही. पण थंडीत पहाटे उठायला किती जड जातं, हे ज्याला माहीत आहे त्याने विचारलेला प्रश्न वेगळा ऐकू येतो.

सहा महिन्यांनी फोन करा

उपक्रमाचा अहवाल बाराव्या आठवड्यात लिहून होतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. तेव्हा आकडे छान असतात. तुम्ही सहा महिन्यांनी फोन करा, स्वतः, एकेकाला. सोडलेल्यांना आधी करा.

"चालू आहे का?" असं विचारू नका. त्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर येतं, आणि "नाही" म्हणताना माणूस फोन ठेवायच्या तयारीत असतो. "काल काय काय केलंत?" इथूनच पुन्हा सुरू करा. दहा मिनिटांहून छोटा तुकडा मोजायचा नाही हा जुना नियम २०२० मध्ये गेला, त्यामुळे आता दोन मिनिटांचंही मोजायचं. हे लोकांना अजून माहीत नसतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हाताला जुनी सवय आहे.

मागच्या महिन्यात एका ताईंना फोन केला. चौथ्या आठवड्यानंतर त्या आमच्या गटात आल्या नव्हत्या.

"बंद पडलंय हो सगळं," त्या म्हणाल्या. "सांगायचीही लाज वाटते."

"असू दे. काल काय केलंत ते सांगा."

"काल? काल काही नाही. सकाळी पाण्याचा पंप बिघडला म्हणून बादल्या वर नेल्या. मग मुलीला सोडायला गेले. संध्याकाळी आणायला."

"बादल्या किती? कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या. असतील सहा-सात खेपा. पण तो काय व्यायाम आहे?"

"मुलीला सोडायला कशाने?"

"चालतच. तेवढ्यासाठी कोण गाडी काढतं? पंधरा मिनिटं जायला, पंधरा यायला. रोजचंच आहे ते."

मी वही ओढली, त्यांच्या नावापुढे आधी लिहिलेलं 'सोडलं' खोडलं आणि मिनिटं मांडायला लागले.